पॅराबोलिक पन्हळीतली उष्णता जाते कुठे? (सोलापूर, सूत रंगाईसाठी गरम पाणी)

सूतगिरकी
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या गच्चीवर बसवलेल्या सौर संग्राहकांबद्दल (ऊन एकवटून पाणी तापवणारे आरसे) सल्ला हवा आहे. तपशील असे:

पन्हळीच्या आकाराचे आरसे, ६ रांगा. प्रत्येक रांग १२ मीटर लांब, तोंड २ मीटर रुंद, नाभी (किरण एकवटतात ती रेषा) तळापासून ५० सेंमीवर. म्हणजे एकूण १४४ चौ.मी. परावर्तक चकचकीत अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमचा पत्रा. नाभीवर १ इंची शेड्यूल ४० चा लोखंडी पाइप (बाहेरून ३३.४ मिमी), त्याला उष्णता सहन करणारा काळा रंग, वर काच नाही. पाइपला दर ४ मीटरवर आधार. आस उत्तर-दक्षिण. बंद चक्रात मृदू पाणी, प्रत्येक रांगेत ताशी ४०० लिटर. ते १२० अंशांवर ५००० लिटरच्या टाकीतल्या कॉइलमध्ये जातं. रंगाईच्या बाथला (रंगाच्या हौदाला) ६० ते ९० अंश लागतात.

उष्णता अपेक्षेपेक्षा बरीच कमी मिळते. पुरवठादार म्हणतो, काळा पाइप काढा आणि निवडक लेप (ऊन शोषणारा, पण प्रारणाने उष्णता कमी सोडणारा) दिलेल्या निर्वात काचनळ्या बसवा. खर्च मोठा आहे. तो करावा का?

नाभी
आत्ताच काही विकत घेऊ नका. तोटा दोन जागी होतो. एक तर ऊन पाइपवर पोचतच नाही, किंवा पोचलेली उष्णता पाइपवरून हवेत निघून जाते. निर्वात नळी फक्त दुसऱ्यावर औषध आहे. तेव्हा आधी दोन्ही तोटे वेगळे मोजा. त्यासाठी एकाच रांगेवर तीन चाचण्या पुरतात.

थंड चाचणी: भर दुपारी चक्र तोडून साधं नळाचं पाणी एकदाच रांगेतून सोडा. पाइपचं सरासरी तापमान हवेइतकंच राहिलं पाहिजे, म्हणजे हवेत जाणारी उष्णता जवळजवळ शून्य. जे मिळेल ती निव्वळ आरशाची कार्यक्षमता.

गरम चाचणी: नेहमीसारखं १२० वर चालवा.

पाठ फिरवून चाचणी: गरम पाणी फिरत असताना आरसा सूर्यापासून ३०-४० अंश वळवा आणि रांगेच्या दोन टोकांत किती अंश घसरतात ते बघा. तो थेट उष्णतेचा तोटा.

मिळालेले किलोवॅट = सेकंदाला किती किलो पाणी × ४.१९ × तापमानातला फरक. त्याला तोंडाचं क्षेत्रफळ × थेट ऊन याने भागा. थेट ऊन म्हणजे फक्त सूर्याच्या बिंबाकडून येणारं, ते पायऱ्हेलिओमीटरने मोजतात. छतावरच्या फोटोव्होल्टाइक प्लांटचा पायरॅनोमीटर आकाशात पसरलेलं ऊनही मोजतो, आणि ते आरशाच्या काही कामाचं नाही. एप्रिल-मेच्या धूसर आकाशात एकूण ऊन भरपूर दिसतं, थेट ऊन मात्र त्या मानाने कमी असतं. हा घोटाळा फार ठिकाणी होतो.

थर्मामीटर दोन्ही टोकांना एकाच जातीचे, पीटी१०० (प्लॅटिनमच्या तारेचे) घ्या. आधी दोन्ही एकाच बादलीत बुडवून त्यांच्यातला फरक लिहून ठेवा. फरक ६ अंशांचा मोजायचा आणि प्रत्येक थर्मामीटर अर्धा अंश चुकणारा, तर उत्तर सहापैकी एकाने चुकू शकतं.

सूतगिरकी
आकडे मिळाले. मार्चचा तिसरा आठवडा, थेट ऊन ६५० वॅट प्रति चौ.मी., हवा ३३ अंश, वारा मंद. एका रांगेवर पडणारं ऊन १५.६ किलोवॅट.
थंड: आत २६, बाहेर ४३.४. म्हणजे ८.१ किलोवॅट, ५२ टक्के.
गरम: आत १०९, बाहेर १२०. म्हणजे ५.१ किलोवॅट, ३३ टक्के.
पाठ फिरवून: ११८ चे १११.६ झाले. म्हणजे ३ किलोवॅट तोटा.

नाभी
उत्तम मोजणी. ८.१ वजा ५.१ म्हणजे ३, आणि पाठ फिरवूनही ३ च. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला, तेव्हा थर्मामीटरवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आता आरशाचा हिशेब. चांगला अॅनोडाइज्ड पत्रा ०.८५ परावर्तन देतो. बेताची धूळ धरून ०.९५. परावर्तित किरणांपैकी पाइपला लागणारे ०.९५. काळा रंग शोषतो ०.९५. गुणाकार ०.७३. मार्चमध्ये दुपारी सूर्य सोलापूरच्या डोक्यावरून सुमारे १७.७ अंश दक्षिणेला असतो, त्याचं कोसाइन ०.९५. रांगेच्या टोकाला सांडणारं ऊन २ टक्क्यांच्या आसपास. शेवटी ६८ टक्के यायला हवेत. तुमचे ५२ आहेत.

म्हणजे १६ टक्के आरशातच हरवले आणि १९ टक्के पाइपवरून गेले. दोन्ही जवळपास सारखे. निर्वात नळ्या घेतल्या तर पहिले १६ जसेच्या तसे राहतील. वर काच स्वतःच ७-८ टक्के ऊन अडवेल ते वेगळं.

पत्रेकाम
त्या १६ टक्क्यांतला मोठा वाटा मला ४ मीटरच्या आधारात दिसतो.

१ इंची शेड्यूल ४० पाइप पाण्यासकट मीटरला ३ किलो भरतो. ४ मीटरच्या गाळ्यात दोन टोकांवर सुटा टेकवला तर मधोमध १३ मिमी झोळ येतो. सलग जोडलेल्या पाइपला मधल्या गाळ्यात कमी येईल, शेवटच्या गाळ्यांत जास्त. त्यात भर म्हणजे पाइप खालून तापतो. खालची बाजू वरच्यापेक्षा १० अंश गरम असली तर खालची बाजू लांबते आणि ४ मीटरवर आणखी ७ मिमी पोट सुटतं.

आता हे कशाशी ताडायचं? सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. तुमच्या आरशाची कड नाभीपासून १ मीटरवर आहे, तिथून येणारा सूर्याचा ठसा ९ मिमी रुंद. पाइप ३३ मिमी. आरसा निर्दोष धरला तरी दोन्ही बाजूंना मोकळीक फक्त १२ मिमी. ती सगळी झोळातच संपली. शिवाय झोळ नेहमी जमिनीकडे असतो. दुपारी पाइप आरशाकडे सरकतो, सकाळ-संध्याकाळी आरसा कलला की तोच झोळ बाजूला जातो.

उपाय स्वस्त आहे. आधार दर २ मीटरवर करा, ४ चे ७ होतील. वजनाचा झोळ अंतराच्या चौथ्या घाताने कमी होतो, १३ चा १ मिमीच्या आत येतो. तापण्यामुळे येणारा वर्गाने, ७ चा पावणेदोन. आधार ३-४ मिमीच्या स्टेनलेस पट्टीचा, कड सूर्याकडे, म्हणजे सावलीही कमी आणि पट्टीतून वाहून जाणारी उष्णताही कमी. पाइप मधल्या आधारावर आवळा, बाकी सगळीकडे सरकता ठेवा. १२ मीटर लोखंडी पाइप १०० अंशांनी तापला की साडेचौदा मिमी वाढतो. दोन्ही टोकांना लवचीक होज हवेच. दोन्ही टोकं आवळलेली असतील तर पाइप धनुष्यासारखा वाकतो आणि आपण आरशाला दोष देत बसतो.

मग पत्र्याचा आकार. १२ मिमी प्लायवूडचा साचा कापा. मध्यापासून २५ सेंमीवर उंची ३.१ सेंमी, ५० वर १२.५, ७५ वर २८.१, १०० वर बरोबर ५०. साचा दर अर्ध्या मीटरला लावून फट बघा. फटीच्या उंचीपेक्षा उतार महत्त्वाचा. २० सेंमीत १ मिमीची लहर आली तर उतार हजारी ५ ने चुकतो, किरण दुप्पट वळतो, कडेच्या भागातून पाइपपाशी १० मिमी चुकामूक. लहरी बहुतेक वेळा घट्ट रिव्हेटमुळे येतात. अॅल्युमिनियम ४० अंशांनी तापलं की १.२ मीटरचा पत्रा १ मिमीपेक्षा जास्त वाढतो. त्याला सरकायला लंबगोल भोकं द्या.

तिरीप
@पत्रेकाम, साच्याआधी एक सोपी नजरचाचणी. आरसा क्षितिजाकडे वळवा, सूर्याच्या विरुद्ध बाजूला. ६० मीटरपेक्षा लांब, आरशाच्या बरोबर समोर उभे राहा. आकार बरोबर असेल तर अख्खा आरसा काळ्या पाइपच्या प्रतिमेने भरलेला दिसतो. जिथे आकाश किंवा भिंत दिसते तो भाग पाइपला ऊन देत नाही. फोटो काढून पत्र्यावर खडूने खुणा करा. सूर्य समोर असताना हे चुकूनही करू नका, डोळे जातील.

अक्षांश
आता दिशा आणि माग, म्हणजे आरसा सूर्यामागे फिरवणं. सोलापूर ७५.९ पूर्व रेखांशावर आहे, भारतीय प्रमाणवेळ ८२.५ ची. त्यामुळे इथली खरी दुपार सरासरी १२:२६ ला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती १२:१० पर्यंत अलीकडे येते, फेब्रुवारीच्या मध्यात १२:४० पर्यंत पुढे जाते. त्या मिनिटाला ओळंब्याच्या दोरीची सावली खऱ्या उत्तरेला पडते. आस त्या रेषेशी ताडा. लोखंडी सांगाड्याजवळ होकायंत्र धरू नका. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, शून्य सावलीच्या आसपास, ही युक्ती चालत नाही, ओळंब्याला सावलीच नसते.

उत्तर-दक्षिण आसाच्या पन्हळीचं तोंड खऱ्या दुपारी वर्षभर सरळ आकाशाकडे असतं, सूर्य दक्षिणेला असो वा डोक्यावर. तेव्हा त्या मिनिटाला तोंडावर आडवी पट्टी ठेवून पाणसळ बघा. बुडबुडा मध्यावर नसेल आणि तरी ऊन पाइपवर पडत असेल, तर पाइप नाभीवरून बाजूला बसलाय. बुडबुडा मध्यावर आणि ऊन बाजूला, तरीही तेच. बुडबुडाही बाजूला आणि ऊनही बाजूला, तर मागोव्याची मोटर चुकतेय.

सूर्य मिनिटाला पाव अंश सरकतो. ट्रॅकर दर ४ मिनिटांनी ढकलत असेल तर एकेका ढकलीत १ अंश, कडेच्या किरणांसाठी १७ मिमी. दर मिनिटाला ढकला. १२ मीटरची रांग एका टोकाने फिरवली असेल तर दुसरं टोक पिळानं मागे राहतं. पत्र्याच्या मध्यरेषेवर बारीक रेघ मारा. पाइपची सावली दोन्ही टोकांना रेघेवर पडते का ते रोज दोन मिनिटांत कळतं.

हिवाळ्यात घाबरू नका. डिसेंबरात दुपारी सूर्य ४१ अंश दक्षिणेला, कोसाइन ०.७५. चौथा हिस्सा भूमितीनेच जातो. शिवाय उत्तर टोकाला सरासरी ५८ सेंमी लांबीचं ऊन पाइपच्या पलीकडे सांडतं, १२ मीटरवर जवळपास पाच टक्के. पाइप उत्तरेला ४० सेंमी वाढवता आला तर त्यातलं बरंचसं परत मिळतं. दक्षिणेला वाढवून काही उपयोग नाही.

ऊष्मांक
उरलेल्या १९ टक्क्यांकडे येतो. मला वाटतं सगळ्यात मोठी चूक आरशात नाही, टाकीत आहे.

पाइप ११५ अंशांवर, हवा ३३. मीटरभर पाइपचं पृष्ठ ०.१०५ चौ.मी. काळ्या रंगातून प्रारणाने जातात सुमारे ७५ वॅट, मंद वाऱ्यात हवेने १६०-१६५. बेरीज २४० च्या घरात, १२ मीटरला २.९ किलोवॅट. मोजलेल्या ३ शी जुळतं. लक्षात घ्या, दोन तृतीयांश तोटा वाऱ्याचा आहे, प्रारणाचा नाही. महागडा निवडक लेप फक्त प्रारण कमी करतो. उघड्या पाइपवर तो लावणं म्हणजे छोट्या भोकाला ठिगळ. वारा ताशी १०-११ किमी झाला तर हवेचा तोटा पावणेदोनपट होतो.

काचनळी लावली (निर्वात नको, साधी बोरोसिलिकेट) तर २४० चे ८५-९० होतात, निवडक लेपासकट ५०-६०. पण काच मीटरला ७० वॅट ऊन अडवते. म्हणजे ११५ अंशांवर साध्या काचेचा निव्वळ फायदा ८० वॅटच्या आसपास. पाइप ६० अंशांवर असेल तर मूळ तोटाच ७०-७५ वॅट. तिथे काच लावून नुकसान होईल.

मुळात बाथला कमाल ९० लागतात, मग पाणी १२० ला का न्यायचं? कारण टाकीतली कॉइल. पाण्यात बुडवलेली कॉइल प्रति चौ.मी. प्रति अंश ४०० वॅट देते असं धरा. ३ चौ.मी.ची कॉइल असेल तर ४५ किलोवॅट ढकलायला ३७ अंशांचा फरक हवा. त्या फरकाची किंमत ७२ मीटर उघडा पाइप मोजतोय. कॉइल काढून २ चौ.मी.चा प्लेट हीट एक्स्चेंजर (पातळ पत्र्यांच्या आरपार एका पाण्याची उष्णता दुसऱ्याला देणारा) बसवला तर ८ अंश पुरतात. चक्र ३० अंशांनी खाली येतं, तोटा मीटरला ८५ वॅटने कमी, म्हणजे साडेसहा टक्के परत. पत्र्याला हातही न लावता.

प्लेटमधून बाथचं पाणी कधीच सोडू नका, सुताचे तंतू दोन दिवसांत गाळे भरतील. एका बाजूला चक्राचं मृदू पाणी, दुसऱ्या बाजूला टाकीचं स्वच्छ पाणी, दोन्हींवर गाळणी.

सूतगिरकी
कॉइल सव्वातीन चौ.मी.ची आहे, म्हणजे हिशेब लागू पडतो. दोन प्रश्न. पाइपच्या वरच्या अर्ध्या भागाला लोकर गुंडाळली तर? आणि पाण्याऐवजी थर्मिक तेल (उष्णता वाहून नेणारं तेल) वापरलं तर?

ऊष्मांक
लोकरीची कल्पना चांगली आहे. तुमच्या आरशाचा कडेचा कोन बरोबर ९० अंश, त्यामुळे एकवटलेलं ऊन पाइपच्या खालच्या अर्ध्या भागावरच पडतं. वरचा भाग फक्त साधं ऊन घेतो आणि भरपूर उष्णता सोडतो. १३ मिमी सिरॅमिक लोकर, वर पत्र्याचं अर्धगोल झाकण.

पत्रेकाम
मला ती पटत नाही. पाइप ३३ मिमीचा, झाकणासकट ६० मिमी होतो, आरशावरची सावली जवळपास दुप्पट. आणि एका पावसात पाणी झाकणाखाली शिरलं की ओली लोकर उघड्या पाइपपेक्षा जास्त उष्णता खेचते, खाली पाइप गंजतो ते वेगळं.

ऊष्मांक
सावली वाढते २७ मिमीने, २००० मधले सव्वा टक्का. वाचतात ११५ अंशांवर मीटरला शंभरेक वॅट, म्हणजे ७-८ टक्के. हिशेब लोकरीच्या बाजूने आहे. पावसाचा मुद्दा मात्र मान्य. सांधे सिलिकॉनने बंद करायचे आणि रात्री आरसा पालथा ठेवायचा, म्हणजे झाकण वाटीसारखं आरशाच्या आड राहतं. चक्र ८५-९० वर आणल्यावर वाचणारे वॅट कमी होतील. आधी एक्स्चेंजर बदला, पुन्हा पाठ फिरवून मोजा, मग ठरवा.

तेल नको. तेलाची उष्णताधारकता पाण्याच्या निम्मी, म्हणून दुप्पट प्रवाह हवा. १०० अंशांवर ते पाण्यापेक्षा दहापटीहून घट्ट. तुमच्या पाइपात पाण्याचा रेनॉल्ड्स आकडा (प्रवाह किती घुसळतो त्याचं माप) १५-१६ हजार येतो, प्रवाह घुसळलेला राहतो. तेलाचा दुप्पट प्रवाह देऊनही तो २७०० च्या आसपास राहील, म्हणजे नीट घुसळणार नाही. पाइपची भिंत तेलापेक्षा बरीच जास्त तापेल आणि तोटा वाढेल. तेल हवंच असेल तर रांगा एकापुढे एक जोडून वेग वाढवावा लागतो. ९० अंशांच्या कामाला त्याची गरज नाही.

वाफ
उंच तापमान खरंच लागतं तिथे तबकड्या, म्हणजे तबकडीच्या आकाराचे आरसे, शोभतात. शिर्डीच्या प्रसादालयात ७३ शेफलर तबकड्या, प्रत्येकी १६ चौ.मी., स्वयंपाकाची वाफ करतात. लातूरच्या महानंद डेअरीत १६० चौ.मी.ची अरुण तबकडी बसवली होती. तबकडीचा शोषक आरशाच्या मानाने लहान, म्हणून गरम असूनही तोटा कमी. रंगाईसाठी मात्र १०० च्या आत राहणंच बरं, दाबाचा आणि बॉयलर तपासणीचा प्रश्नही हलका होतो. आत्ता १२० वर चालवताय तोवर चक्रात किमान ३ बार दाब ठेवा. १२० अंशांवर पाणी दाबमापकावर १ बारच्या (म्हणजे हवेच्या दाबाच्या वर १ बारच्या) खाली उकळायला लागतं, आणि पंपाच्या तोंडाशी दाब सगळ्यात कमी असतो.

धुवट
धुळीचा मुद्दा मागे पडला. ऊन धुळीतून दोनदा जातं, येताना आणि जाताना. नोव्हेंबर ते मार्च उसाच्या गाळप हंगामात बगॅसची (चिपाडांची) काजळी, एरवी काळ्या मातीची बारीक धूळ. दवाने ती पत्र्यावर चिकटते.

बोअरच्या पाण्याने धुऊ नका. वाळल्यावर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात आणि ते धुळीपेक्षा वाईट. आरओचं पाणी, चौ.मी.ला १ लिटर. तोंड २ मीटरचं असलं तरी वळणासकट पत्रा २.३ मीटर भरतो, तेव्हा सहा रांगांना १६५ लिटर. पहाटे, दव ओलं असताना, मऊ ब्रशने, लांबीच्या दिशेने. साबण लागलाच तर तटस्थ. तुमच्याकडे सोडा अॅश आणि कॉस्टिक हाताशी असतं, त्याचा थेंबही पत्र्यावर नको. अल्कली अॅनोडाइज्ड थर खाते आणि गेलेली चमक परत येत नाही. बाथच्या वाफेची चिमणी आरशांकडे तोंड करून असेल तर ती आधी वळवा.

किती दिवसांनी धुवायचं हे कॅलेंडरवरून ठरवू नका. एकच रांग धुवा, सारख्या प्रवाहावर शेजारच्या रांगेशी तापमानवाढ ताडा. फरक अर्ध्या अंशाच्या वर गेला की बाकीच्या पाच धुवा. वळवाच्या वावटळीची चिन्हं दिसली की सगळे आरसे पालथे.

सूतगिरकी
ठरलं. आधी २ मीटरचे आधार आणि मध्यरेषेची रेघ, मग प्लेट एक्स्चेंजर, त्यानंतर पुन्हा तिन्ही चाचण्या. आधारांचं काम एप्रिलच्या मध्यापर्यंत होईल.

नाभी
थंड चाचणी त्याच रांगेवर, खऱ्या दुपारी आणि धुतल्यानंतर दुसऱ्या दिवशी करा. एप्रिलच्या मध्याला सूर्य डोक्यापासून फक्त ८ अंशांवर असेल. कोसाइन ०.९५ वरून ०.९९ ला जातं, त्यामुळे काहीही न बदलता ५२ चे ५४ दिसतील. ते २ टक्के आधारांच्या खात्यावर मांडू नका. ६५ च्या वर आलात तर आकार ठीक आहे. ६० च्या आतच राहिलात तर प्लायवूडचा साचा काढा.